मच्छरदाणीत बांधलेल्या बरगड्या

सर,

तुमच्या छातीतल्या सहा तारा माझ्याकडे आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सावडायला गेलो तेव्हा राखेत सापडल्या. चार वर्षांपूर्वी मुंबईच्या हॉस्पिटलात तुमच्या छातीचं हाड उभं कापलं, आत हृदयाचं काम केलं आणि हाड परत जुळावं म्हणून या तारांनी आवळून बांधलं. हाडाचा भुगा झाला, तारा राहिल्या. काळ्या पडल्यात, पण त्यांचा पीळ जसाच्या तसा आहे. तुमचे चुलतभाऊ म्हणाले, "लोखंड दिसतंय काहीतरी, टाका बाजूला." मी बाजूला केल्या आणि खिशात घातल्या.

आज तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. परवा कॉलेजात शोकसभा झाली. मला सकाळीच फोन आला, म्हटलं दोन शब्द बोलायला बोलावत असतील. खुर्च्या मांडायला बोलावलं होतं. मला निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तुम्हाला चौदा, पण खुर्च्या अजून मीच मांडतो. मांडल्या. मग मागच्या रांगेत बसून तुमच्याबद्दलची सगळी चांगली भाषणं ऐकली. सगळी खरी होती आणि एकातही तुम्ही नव्हतात. म्हणून हे लिहितोय. अक्षर तुम्हीच वळणावर आणलंत, तेव्हा वाचायला त्रास होऊ नये.

मी पोलादपूरच्या वरचा. कशेडीच्या रस्त्यावरून आत चढून गेलं की बारा घरं लागतात, त्यातलं एक आमचं. वाडीतले सगळे बाप्ये मुंबईला गेले, मी महाडपर्यंतच पोचलो. प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये परिचर म्हणून लागलो त्या पहिल्या सकाळी तुम्ही एक हाड माझ्या हातात दिलंत.

"काय आहे हे?"

"कोंबडीचं हाड हाय, सर."

"कुठलं?"

"रश्शातलं."

तुम्ही इतके हसलात की शेजारच्या वर्गातून माणूस बघायला आला. मग माझा हात धरून माझ्याच छातीवर ठेवलात. "हे इथलं. मधलं हाड. तुझं बघ कसं सपाट आहे, आणि तिचं नांगराच्या फाळासारखं उभं. पंख मारायला छातीला भरपूर मांस लागतं, आणि त्या मांसाला धरायला हा फाळ लागतो."

"पण सर, कोंबडी कुठं उडते?"

तुम्ही हसायचे थांबलात. "बस इथं," म्हणालात. त्या दिवशी आपला पहिला वाद झाला आणि तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालला. घरी जाऊन मी सुमनला सांगितलं, नोकरी चांगली आहे, साहेब वेडा आहे. दोन्हीपैकी एक गोष्ट खरी निघाली.

भिंतीलगतचं ते लांब काचेचं कपाट. बरगड्या आणि छातीचं हाड, एवढाच त्याचा विषय. बाकीच्या कॉलेजांनी सांगाडे विकत आणले, आपण ते स्वतः केले. मासा, बेडूक, धामण, कासव, कोंबडी, वटवाघूळ, कुत्रा. मेलेलं जनावर आणायचं, सोलायचं, पाण्यात कुजवायचं, धुवायचं, जुळवायचं. एसटीत माझ्या शेजारी कोणी बसायचं नाही. सुमन मला दारातच थांबवायची, "आदी न्हाऊन घ्या, मंग आत." आणि तुम्ही घरून डबा आणून त्याच टेबलावर उघडायचात.

तुमची शिकवायची रीत साधी होती. आधी हात लावा, मग नाव घ्या. पोरांना स्वतःच्या बरगड्या मोजायला लावायचात. बारा जोड्या, वरच्या सात छातीच्या हाडाला सरळ जाऊन भिडलेल्या, पुढच्या तीन वरच्यांच्या आधाराने, शेवटच्या दोन मोकळ्या. बाईला एक बरगडी जास्त असते असं दर वर्षी कोणीतरी म्हणायचंच. तुम्ही शांतपणे म्हणायचात, "घरी जाऊन आईला विचारून मोज." मग कपाटाशी नेऊन एकच प्रश्न विचारायचात, हा श्वास कसा घेत असेल? बेडकाला छातीचं हाड आहे आणि बरगड्या जवळजवळ नाहीतच, म्हणून तो गळ्याने हवा गिळतो. धामणीला बरगड्याच बरगड्या आणि छातीचं हाडच नाही. खालून सगळ्या मोकळ्या, म्हणून तिच्या पोटात अख्खा उंदीर मावतो. कासवाने बरगड्या पसरून त्यांचं छप्पर केलं आणि खांदेसुद्धा छपराखाली घेतले. हे सांगताना तुमचा आवाज दर वर्षी बारीक व्हायचा. तीस वेळा ऐकलं असेल मी, आणि तीस वेळा हातातलं काम थांबवून ऐकलं. हे लिहिताना राग येतोय, पण ते खरं आहे.

मगर मात्र नव्हती. सावित्रीच्या काठाला राहून कपाटात मगर नाही, याची तुम्हाला लाज वाटायची. मग एका थंडीत दासगावच्या खालच्या अंगाला एक मेलेली मगर सापडली, आठ फुटी. वनखात्याच्या साहेबांकडे खेटे घालून तुम्ही ती ठेवून घ्यायच्या परवानगीचा कागद मिळवलात. ती उचलायला आपण चौघं होतो आणि सगळ्यात जास्त आवाज तुमचा होता.

मगरीची गंमत तिच्या पोटात असते. वरच्या बरगड्या कण्याला जोडलेल्या, चारचौघांसारख्या. पण खाली, पोटाच्या मांसात, बारीक काड्यांसारख्या हाडांच्या आणखी ओळी असतात. त्या कण्याला जोडलेल्या नाहीत, कशालाच नाहीत. मांसात नुसत्या पडून राहतात आणि पोट सांभाळतात. मांस कुजलं की त्या कुठेही जातात, म्हणून त्या आधी वेगळ्या काढाव्या लागतात.

"म्हणजे या पण बरगड्याच," मी म्हटलं.

"नाहीत. नावाला म्हणतात तसं. कण्याशी संबंध नाही त्यांचा. खरी बरगडी कण्यापासून निघते."

"काम तर बरगडीचंच करतात ना सर?"

"काम करून बरगडी होत नाही, अनंता."

पुस्तकाप्रमाणे तुमचं बरोबर होतं, मी नंतर वाचलं. पण तेव्हा तुम्ही मान वर न करता जे म्हणालात ते मला लागलं. का लागलं ते तुम्हाला कधी कळलं नाही.

मी सगळं पोट एका पत्र्यासारखं अख्खं कापून काढलं. घरून जुनी मच्छरदाणी आणली, तिच्या तुकड्यात ते पोट गुंडाळलं, चारी बाजूंनी दोऱ्याने शिवलं आणि ते गाठोडं ड्रमात सोडलं. मांस गळून जाईल, पाणी जाळीतून जाईल, हाडं आत राहतील. ही युक्ती माझी होती. तुम्ही पाठीवर थाप मारलीत. कॉलेजच्या मागे वास मारतो अशी तक्रार झाली होती, म्हणून ड्रम दासगावला नदीकाठच्या एका ओळखीच्या बागेत ठेवले होते.

मग शिमगा आला. आमच्या वाडीत पालखी नाचवायची तर खांदा द्यायला माणूस लागतो. जो शिमग्याला येत नाही त्याला वर्षभर कोणी नीट हाक मारत नाही. मी चार दिवस मागितले. तुम्ही म्हणालात, "मगरीपेक्षा शिमगा मोठा का रे?" मग म्हणालात, "जा. ड्रमला मी हात लावत नाही. तू आल्यावर उघडू." हे तुमचे शब्द आहेत.

मी आलो तेव्हा ड्रम रिकामे होते, उन्हात पालथे घातलेले. तपासणीची कमिटी ठरल्यापेक्षा लवकर येणार असं कळलं, तुम्हाला घाई झाली, तुम्ही मजूर लावून पाणी नदीत ओतलंत. मोठी हाडं वेचून घेतलीत. तळाशी एक घाणेरडं चिंधीचं गाठोडं होतं, तेही नदीत गेलं. बागेच्या राखणदाराने मला सांगितलं. "सरांनी सोताच उचालला आन् फ्येकला तो बोचका. नाकाला रुमाल लावलंला त्यांनी." मी पाण्याच्या कडेकडेने दोन तास हिंडलो. मच्छरदाणी एका काटेरी झुडपात अडकलेली सापडली, फाटलेली. आत काही नव्हतं.

ती मी तशीच ओली तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात.

"कमिटी उद्या आहे. आपण नंतर बोलू," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी कमिटीतल्या एका बाईंनी विचारलं, मगरीच्या पोटाच्या बरगड्या कुठे आहेत? बाई हुशार होत्या. मी तिथेच उभा होतो, चहाचा ट्रे घेऊन. तुम्ही म्हणालात, "आमचा परिचर शिमग्याला पळाला, जाताना पाणी ओतून गेला." सगळे हसले. त्या बाई हसल्या नाहीत, माझ्याकडे बघून त्यांनी कप उचलला. संध्याकाळी तुम्ही लेबल लिहिलंत, तुमच्या त्या सुंदर अक्षरात: "मगर. सावित्री नदी, दासगाव. पोटाच्या बरगड्या परिचराच्या हलगर्जीपणामुळे उपलब्ध नाहीत."

मला वाटलं, कमिटी गेली की काढाल. काढलं नाहीत. दर जूनला नवी पोरं यायची, लेबल वाचायची आणि माझ्याकडे बघायची. "अनंतामामा, बरगड्या कुठं टाकल्या?" एक बॅच गेली की दुसरी तेच विचारायची, जणू अभ्यासक्रमातच होतं. तुम्ही ऐकायचात आणि फळ्याकडे वळायचात. एका वर्षी पुराचं पाणी लॅबमध्ये शिरलं, बेडूक गेला, वटवाघूळ गेलं, माशाचा एक काटा उरला नाही. चिखल काढता काढता मी पहिल्यांदा मगरीचं लेबल शोधलं. होतं. शाई पसरली होती, पण "हलगर्जीपणा" स्वच्छ वाचता येत होतं.

मी का बोललो नाही, असं सुमन कित्येकदा विचारायची. तुम्ही मोठे, मी लहान, तेवढंच कारण होतं सुरुवातीला. नंतर दुसरं कारण झालं.

आमची छाया तेव्हा दीड वर्षाची होती. दोन दिवस ताप, खोकला. सुमन छातीला तेल चोळत होती, मी कामावर आलो नाही म्हणून तुम्ही स्कूटरवरून आमच्या खोलीवर आलात. शिव्या घालायलाच आला होतात. दारातून पोरीकडे पाहिलंत. खाली बसून तिचं झबलं वर केलंत. "इकडे बघ," मला म्हणालात. "बरगड्यांच्या मधली कातडी बघ. प्रत्येक श्वासाला आत ओढली जातेय. तेलाने होणारं नाही हे. ऊठ." सुमन पोरीला घेऊन तुमच्या मागे बसली, मी चालत, पळत दवाखान्यात पोचलो. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, अजून अर्धा दिवस थांबला असतात तर सांगता येत नव्हतं. छायाला आता दोन मुलं आहेत. पनवेलला असते. तुम्ही गेल्याचं कळल्यावर फोनवर नुसती रडली.

या एका दिवसासाठी मी तुम्हाला सगळं माफ करायला हवं होतं. तुम्हालाही बहुतेक वाटलं असेल, की झाली फिटंफाट. तशी होत नाही सर. पोरीचा जीव वाचवलात म्हणून मी तुमच्या पाया पडलो, आणि पाया पडून उठलो तेव्हा कपाटातलं ते लेबल डोळ्यांसमोर होतंच. उलट त्यामुळे माझं तोंडच बंद झालं. ज्याने पोरगी परत दिली त्याच्याशी काड्यांएवढ्या हाडांसाठी कोण भांडणार?

मग तुमचं ऑपरेशन झालं. परत आलात ते छातीशी उशी धरून. खोकला आला की उशी आवळायची, नाहीतर हाड उघडतंय असं वाटतं, म्हणालात. मी रोज संध्याकाळी यायचो. वहिनी आधीच गेलेल्या, तुमची लेक, वीणाताई, ठाण्याला. तुम्हाला कंटाळा यायचा, मग शर्टाची बटणं काढून मला वरून खाली व्रण दाखवायचात, वर्गात दाखवायचात तसं. "कपाटात नसलेला एकच नमुना होता, तो मी झालो." एकदा म्हणालात, "अनंता, हे हाड जुळलं असेल ना रे? कसं जुळलं असेल? सरळ की वेडंवाकडं? आयुष्यभर दुसऱ्यांची छाती उघडून बघितली, स्वतःची काही बघता येत नाही."

आणि देहदानाचा फॉर्म काढलात. मेडिकलच्या पोरांनी तुमची छाती उघडावी, कापलेलं हाड कसं भरून आलं ते बघावं, तारा मोजाव्यात. साक्षीदार म्हणून पहिली सही माझी घेतलीत. दुसरी सही जवळच्या नातेवाइकाची हवी होती. ती रेघ रिकामी राहिली.

"वीणाताईंची घ्या की."

"घेतो."

"त्यांना सांगितलंत का?"

"सांगतो रे. तिला हे आवडायचं नाही. आईच्या वेळी किती रडली बघितलंस ना."

चार वर्षं तुम्ही "सांगतो" म्हणत होतात. मी किती वेळा भांडलो! "सर, उद्या काय झालं तर मी एकटा कुणाकुणाशी बोलू? माझं कोण ऐकनार हाय तुमच्या घरात?" चिडलो की माझी बोली बाहेर येते, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणायचात, "तू आहेस ना, होईल." फॉर्म माझ्याकडे ठेवायला दिलात. वर्गात शंभर पोरांसमोर देवाधर्माची खिल्ली उडवणारा माणूस स्वतःच्या पोरीला चार वाक्यं सांगायला घाबरत होता आणि ते काम शिपायावर ढकलत होता. मला तसंच वाटलं तेव्हा.

एकदाच, त्या आजारपणात, तुम्ही आपण होऊन म्हणालात, "अनंता, तो ड्रम..." आणि खोकला आला. मी उशी दिली. खोकला थांबल्यावर मी वाट बघत बसलो. तुम्ही म्हणालात, "चहा टाक जरा." मी टाकला. त्या चहात साखर घालायला विसरलो, आणि तुम्ही तो तसाच प्यालात.

तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी सातला शेजारच्यांचा फोन आला. मी आलो तेव्हा तुम्ही आरामखुर्चीत होतात, एक हात छातीवर. मी तुमचे डोळे मिटवले. येतानाच फॉर्म शर्टाच्या वरच्या खिशात घातला होता. त्याच्यावर खाली फोन नंबर होता. कळवलं की मेडिकल कॉलेजची गाडी येते, पण वेळेत कळवावं लागतं. मला वाटलं, वीणाताई येऊ देत. त्यांच्यासमोर काढू, होईल ते होईल. मनात वाक्यं जुळवत बसलो. तुम्ही शिकवलेल्या शुद्ध भाषेत जुळवत होतो.

वीणाताई साडेबाराला पोचल्या. रडल्या नाहीत, तुमच्या पायाशी बसून राहिल्या. मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या. चुलतभावांनी सगळं हातात घेतलं होतं, बांबू येऊन पडले होते. मी उठलो. खिशाला हात लावला. खरंच लावला, सर.

तेवढ्यात दारातून तुमचा एक विद्यार्थी आला. बाजारपेठेत त्याचं औषधांचं दुकान आहे, पोरगा वाईट नाही. त्याच्याबरोबर कोणी बाहेरगावचा होता, त्याला हळूच माझी ओळख करून दिली. "हे अनंतामामा. सरांच्या मगरीच्या बरगड्या नदीत टाकणारे ते हेच." आणि दोघं हसले, मयताच्या घरी हसतात तसं, ओठ दाबून.

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही गप्प होतात. नेहमीसारखेच.

माझा हात खिशावरून खाली आला. मनात काय आलं ते स्पष्ट लिहितो, तुमच्यापासून काय लपवायचं. मनात आलं, जळू देत. पोरीला सांगायची हिंमत यांना नव्हती, मी का सांगू? मी हलगर्जी माणूस. हलगर्जी माणसाकडे असलं काम देतात का? मी बाहेर जाऊन मडकं धरायला मदत केली. खांदा दिला. शिमग्याची पालखी जितकी सांभाळून धरतो तितकाच सांभाळून दिला, त्यात कसूर केली नाही. चिता पेटली तेव्हा मी छातीकडच्या बाजूला उभा होतो.

तिसऱ्या दिवशी त्या तारा सापडल्या. छातीचं हाड मऊ असतं, आतून जाळीदार, ते टिकत नाही. तुमचं जुळलं होतं की नाही, सरळ की वेडंवाकडं, हे आता कुणालाच कळणार नाही.

काल दहावा होता. अस्थी सोडायला वीणाताईंनी दासगावची जागा निवडली. म्हणाल्या, बाबांना तिकडचा काठ आवडायचा. ती बाग आता नाही, पण झुडपं तीच आहेत. चुलतभाऊ भटजींशी बोलत मागे राहिले. आम्ही दोघंच पाण्याजवळ उभे होतो. माझ्या खिशात फॉर्म अजून होता, दहा दिवस तोच शर्ट धुऊन धुऊन घालत होतो आणि तोच कागद काढून ठेवून परत घालत होतो. शेवटी मी तो काढून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी उलगडला नाही. म्हणाल्या, "हा तुमच्याकडेच होता ना, अनंतकाका?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्षांपूर्वी सांगितलं बाबांनी. मी नाही म्हटलं. खूप भांडले. सही करणार नाही म्हटलं. मग ते म्हणाले, बरं, सही नको. पण त्या वेळी अनंता बोलेल. तो बोलला तर त्याला नाही म्हणू नकोस, एवढं कबूल कर. मी कबूल केलं." त्या पाण्याकडे बघत होत्या. "मी त्या दिवशी तुमची वाट बघत होते. तुम्ही उठलात तेव्हा मी पदर आवरून बसले, म्हटलं आता बोलतील. तुम्ही बाहेर गेलात. मला वाटलं, बाबांनी विचार बदलला असेल आणि तुम्हाला सांगितलं असेल. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं."

मग विचारायचं नव्हतं ते विचारलं. "मलाच का सांगितलं त्यांनी? नातेवाईक होते की."

"मीही तेच विचारलं होतं. म्हटलं, ज्याने मगरीची हाडं घालवली त्याच्यावर? तर म्हणाले, ती मी घालवली. ड्रम मी ओतला होता. अनंताच्या हातून कधीच काही हरवलं नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्हाला माहीत असेलच ना? बोलले असतील ते तुमच्याशी."

मी म्हटलं, "हो. बोलले होते."

तुमच्यासाठी मी बोललेलं हे शेवटचं खोटं. आधीचं एक पस्तीस वर्षं न बोलता बोललो होतो.

अस्थी पाण्यात सोडल्या. थोडा वेळ पांढरं दिसलं, मग नाही. याच पाण्यात ते गाठोडं गेलं होतं. सर, तुम्ही पोरीला सांगू शकलात, मला का नाही? दारात आलो की चहा टाक म्हणायचात, त्याच्याऐवजी एवढं एक वाक्य म्हटलं असतंत, तर मी त्या दिवशी सगळ्या भाऊबंदांच्या डोक्यावर पाय देऊन गाडी बोलावली असती. कुणाचं ऐकलं नसतं. तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवलात आणि तो मला सोडून जगाला सांगितलात. हे मी माफ करणार नाही. आणि माझं तुम्ही करू नका.

आज सकाळी कॉलेजात गेलो. लॅबची किल्ली अजून माझ्याकडेच मागतात, कुठलं कपाट कसं उघडतं ते दुसऱ्या कोणाला माहीत नाही. सहा तारा साबणाने धुतल्या, पुठ्ठ्यावर ओळीने शिवल्या, वरपासून खालपर्यंत तुमच्या छातीत होत्या तशा, आणि मगरीच्या शेजारच्या रिकाम्या खणात ठेवल्या. लेबल लिहिल्याशिवाय नमुना कपाटात ठेवायचा नाही, हा तुमचा नियम. तुमचंच वाक्य समोर होतं, शब्द शोधावे लागले नाहीत. अक्षर तुमच्याइतकं सुंदर नाही, पण वाचता येतंय:

"माणूस, पुरुष. महाड. छातीचं हाड परिचराच्या हलगर्जीपणामुळे उपलब्ध नाही."